सातव्या महिन्याचा खुराक

पीठ मोजायच्या चिपट्याची एक कड झिजलेली आहे. पीठ सपाट करताना तळहात नेहमी एकाच दिशेने फिरतो. त्यामुळे जास्तीचं पीठ जिथून डब्यात परत पडतं, त्या बाजूचा पत्रा इतका पातळ झाला आहे की बोट जपून न्यावं लागतं. समोरची कड अजून जाड आणि गुळगुळीत आहे. रोज सकाळी पिठाच्या डब्यापुढे बसली की उज्ज्वलाची नजर आधी त्या झिजलेल्या कडेवर जाते. या घरात पुरुषांचं माप शिगेने भरतात, त्यावरून हात फिरवायचा नसतो. म्हणजे कड झिजली ती फक्त बायकांच्या मापांनी, आणि तीही सासूच्या सासूपासून.

नियम सासूबाईंचा, ठमाबाईंचा होता. पुरुषाला दिवसाची दोन चिपटी, शिगेची. बाईला दोन, सपाट. आणि पोटुशी सुनेला सातवा महिना लागला की एकच, सपाट. मूल पोटात वाढू नये, बारीक राहावं, म्हणजे बाई लवकर मोकळी होते. ठमाबाईंचे गुडघे गेल्यापासून मोजायचं काम थोरल्या सुनेकडे, म्हणजे उज्ज्वलाकडे आलं होतं. नियम तोच राहिला, फक्त हात बदलला.

चिपटं म्हणजे पाव शेर. देशातून शेर जाऊन साठ वर्षं होऊन गेली. आळे गावच्या शिवारातल्या या मळ्यातला कांदा क्विंटलने विकला जातो, दूध लिटरने जातं आणि त्यातलं फॅट दशांशापर्यंत वाचलं जातं. पिठाच्या डब्यात मात्र चिपटंच राहिलं. घरातल्यांनी एवढंच केलं, की शेराला किलो म्हणायला लागले. म्हणून चिपटं झालं पाव किलो. ते काट्यावर ठेवून कुणी पाहिलं नाही. बायकांच्या भाकरीचं वजन करायची वेळ कुणावर आली होती?

"हात फिरव नीट," ठमाबाई खाटेवरून म्हणाल्या. "कडंला शीग राह्यलीय."

"आत्या, अक्षदाला सकाळपासून गरगरतंय."

"गरगरणारच. आमालाबी गरगरायचं. भितीला धरून उभं राह्याचं आन् परत कामाला लागायचं. पोर मोठं झालं आन् अडलं, मंग? तुमचे डाक्टर टपूनच हायेत पोट फाडायला."

मग सुंदराची गोष्ट आली, ती यायचीच. सुंदरा ही ठमाबाईंची धाकटी बहीण. मूल अडलं म्हणून तिला बैलगाडीत घालून जुन्नरला नेत होते, आणि ती वाटेतच गेली. हे सांगताना ठमाबाईंचा आवाज अजूनही कापतो. त्यांची भीती खरी आहे, हे उज्ज्वलाला कळत होतं. पण सुंदरा तेव्हा पंधरा वर्षांची होती, एवढी एक गोष्ट ठमाबाई कधी सांगत नसत. ती उज्ज्वलाला भावकीतल्या एका म्हातारीकडून कळली होती.

अक्षदा धाकटी सून. अवसरीला इंजिनिअरिंग शिकलेली, बारीक चणीची, हळू बोलणारी. तिचा नवरा आदेश चाकणला कंपनीत होता आणि शनिवारी घरी यायचा. तिची आई वारलेली, माहेरी करणारं कुणी नव्हतं, म्हणून बाळंतपण सासरीच ठरलं होतं.

त्याच आठवड्यात गुरांचे डॉक्टर येऊन गेले.

गोठ्यात आठ संकरित गाई. त्यातली चंद्री गाभण, तिलाही सातवा महिना. डॉक्टरांनी तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि विचारलं, "खुराक किती देता, मामा?"

"दोन घमेली," कुंडलिकराव म्हणाले. कुंडलिकराव घराचे मालक, ठमाबाईंचे यजमान. गाईंच्या बाबतीत कुणाचेही चार शब्द ऐकून घेणारे.

"घमेलं हे काय माप झालं व्हय? भुश्याचं घमेलं आन् पेंडीचं घमेलं दिसायला सारखंच. वजन केलंय कधी?" डॉक्टरांनी हनुमंताला दोन्ही भरून आणायला सांगितलं. हनुमंत गोठ्यावर बारा वर्षं काम करणारा गडी, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्याने घमेली एकामागून एक इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. भुसा पेंडीच्या निम्म्यानेही भरला नाही.

"बघा. भुसा हलका, पेंड जड. हिथून पुढं सगळं काट्यावर. आन् हिला आता रोज दोन किलो जादा चालू करा. वासराची खरी वाढ व्हती ती शेवटच्या दोन महिन्यांत. आत्ता हात आखडला तर वासरू मरतुकडं निघतं आन् गायबी बसती."

"ऐकलं का रं हनुमंता?" कुंडलिकराव वळून म्हणाले. "दोन किलो जादा. मूठभरबी कमी न्हाई पायजे."

अक्षदा चहाचे कप घेऊन उभी होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि जरा संकोचून बादली उपडी करून पुढे सरकवली. "वहिनी, बसा की तुमी."

"हिचाबी सातवाच हाय," कुंडलिकराव कौतुकाने म्हणाले. "दोघी संगटच."

सगळे हसले. अक्षदाही हसली, कारण अशा वेळी हसायचं असतं. उज्ज्वला दारात उभी होती. तिच्या तळहाताला अजून सकाळचं पीठ लागलेलं होतं.

आशाताई निर्मला वजन करायला आली तेव्हा काटा मागच्या महिन्याच्याच आकड्यावर थांबला. तिने अक्षदाला उतरवून पुन्हा उभं केलं. तोच आकडा.

"हे काय गं? सातव्यात वजन हलंना? खाती काय तू?"

अक्षदाने तोंड उघडायच्या आत ओसरीवरून कुंडलिकरावांनी उत्तर दिलं. "खाती की! रोज पाव किलो पिठाच्या भाकरी. शिवाय भात, कालवण. आठ गायांचं घर हाय हे निर्मलाताई, हिथं खायला कमी न्हाई."

"पाव किलो ठीक हाय, मामा, पण वाढवा. दूध द्या, अंडी द्या. आन् जुन्नरला सोनोग्राफीला नेऊन आणा."

"दुधानं कफ व्हतो," ठमाबाई आतून म्हणाल्या.

सोनोग्राफी झाली. जुन्नरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बाळाची वाढ मागे पडली आहे, आईला भरपूर खायला घाला, दोन आठवड्यांनी परत आणा. गोरखने, म्हणजे उज्ज्वलाच्या नवऱ्याने, घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. ठमाबाईंनी हात जोडले.

"बारीक हाय ना? बरं झालं बाई. सुटंल पटकन."

उज्ज्वला चुलीपुढे होती. तिने भाकरी उलटली.

नऊ वर्षांपूर्वी तिची पहिली मुलगी आठव्यातच जन्मली होती, दीड किलोची. थोड्याच दिवसांत गेली. "अशक्तच आली व्हती," असं सगळे म्हणाले. जशी काही ती कुठल्या लांबच्या गावाहून चालत आली होती आणि वाटेत अशक्त झाली होती. तिचे सगळे महिने याच घरात, याच पिठावर गेले होते, हे कुणाच्या मनात आलं नाही. दुसऱ्या खेपेला उज्ज्वला भांडून पाचव्यातच माहेरी निघून गेली. प्राची जन्मली ती तीन किलोला थोडी कमी, आणि पोट फाडायची वेळ आली नाही. त्याचं नाव या घरात कुणी काढलं नाही.

तेव्हापासून तिच्या मनात वेगळं व्हायचं होतं. गोरख म्हणायचा, "कांदे निघू दे, मग बघू." कांदे निघाले. "आदेशचं लगीन होऊ दे." ते झालं. "आई थकलीय, आत्ता नको." उज्ज्वलाही थांबत राहिली. थांबायची सवय लागते, आणि ती लागली आहे हे एक दिवस आपल्याच हाताकडे बघून कळतं. अक्षदाचं चिपटं आता तीच सपाट करत होती.

पंधरवड्याने कुंडलिकरावांनी शेंगदाणा पेंडीची गोणी काट्यावर चढवली. रोज किती पेंड जाते ते त्यांना पाठ होतं. उरायला हवी होती त्याहून गोणी दीड किलोने कमी भरली. त्यांनी ती उतरवली, काट्यावरची धूळ फडक्याने पुसली आणि पुन्हा चढवली. दीड किलो कमी.

"कुनीतरी पेंडीला हात लावतंय," ते जेवताना म्हणाले. अक्षदाच्या हातातला तांब्या हेलकावला आणि पाणी जमिनीवर सांडलं. ठमाबाई तिच्या धांदरटपणावर बोलल्या. उज्ज्वला फडकं आणायला उठली आणि वाकताना तिने अक्षदाचा चेहरा पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरातली माणसं कलंडली होती. उज्ज्वला गोठ्यामागच्या खुराकाच्या खोलीत गेली. अक्षदा उपड्या बादलीवर बसली होती. मांडीवर पदराची झोळी, तिच्यात पेंडीचे तुकडे. ती एक तुकडा दाढेखाली घेऊन सावकाश फोडत होती. ओठांना पिवळट भुगा लागला होता.



"ताई, सांगू नका."

"अगं, जनावराचं हाय हे. बुरशी असती त्यात."

"माहितीये. वास घेऊन बघते. काळे पडलेले तुकडे बाजूला टाकते."

उज्ज्वला तिच्याजवळ खाली बसली. "भाकरी मागायची की गं माझ्याकडं."

"तुम्ही तरी कुठून देणार? डबा आत्यांच्या खाटेखाली." अक्षदाने पदराने तोंड पुसलं. "मागितली होती मी, पहिल्याच आठवड्यात. आत्या म्हणाल्या, एवढी शिकलीस आन् जीभ आवरंना व्हय? आदेशला फोन केला. तो म्हणाला आईचा अनुभव आहे, दोन महिने काढ. मीच मग विचार केला, खरंच अडलं तर? पण भूक लागते हो ताई. पोटातलं हलायला लागलं की सहनच होत नाही." ती थांबली, आणि मग जे विचारलं ते अगदी मनापासून विचारलं. "चंद्रीला दोन किलो जादा असतं ना, त्यातलंच मूठभर घेते. तिला कमी पडत नसेल, नाही?"

 या प्रश्नाला तुमच्याआमच्याकडे उत्तर आहे का? शिकलेली मुलगी, सधन घर, दारात ट्रॅक्टर, आणि ती गाईच्या वाट्यातलं चोरताना गाईचीच काळजी करते.

संध्याकाळी धारांच्या वेळी उज्ज्वलाने गोरखला सगळं सांगितलं. तो कासेवरून नजर न उचलता म्हणाला, "आबाला आत्ता काय बोलू नको. आधीच पेंडीवरनं तापलाय. बघू सवडीनं."

सवड मिळाली नाही. सकाळी उज्ज्वला डब्यापुढे बसली होती आणि गोठ्यातून कुंडलिकरावांचा आवाज चढला.

"कुटं नेतो पेंड? मेंढरांना घालतो व्हय घरला?"

"न्हाई मालक." हनुमंताचा आवाज आला. "पोराबाळांची आण घेतो. बारा वर्सं झाली हिथं, कदी सुतळीचा तोडा न्हाई नेला."

"आण ठेव तुझ्यापाशी. काटा काय सांगतोय ते बघ. माणूस खोटं बोलंल, काटा न्हाई बोलत. चल, नीघ. उद्यापास्नं येऊ नको."

अक्षदा पाटावरून उठली. "मी सांगते जाऊन," ती पुटपुटली.

"बस तू," उज्ज्वला म्हणाली.

तिच्या हातात अक्षदाचं चिपटं होतं, भरलेलं, नुकतंच सपाट केलेलं. ती ते तसंच घेऊन उठली. मागून ठमाबाईंनी विचारलं, "कुटं चालली पीठ घिऊन?" ती थांबली नाही. अंगण ओलांडून ती गोठ्यात गेली, काट्यावर रिकामं ताट ठेवलं, बटण दाबून आकडा शून्यावर आणला आणि चिपटं ताटात पालथं केलं.

"मामा, वाचा."

"हे काय मधीच?"

"अक्षदाचं दिवसभराचं पीठ हाय. तुमी निर्मलाताईला पाव किलो सांगितलं व्हतं. वाचा की."

कुंडलिकराव वाचेनात. शेवटी गोरख पुढे झाला. "एकशे चाळीस ग्रॅम," तो हळू म्हणाला.

"काटा बिघडला आसंल."

"आत्ता हनुमंताच्या वक्ताला खरा व्हता."

हनुमंताने मान खाली घातली. कुंडलिकरावांनी ताटाकडे पाहिलं, मग चिपट्याकडे. "अगं, चिपटं म्हंजी पाव शेर. म्हंजी पाव किलोच की. पैल्यापास्नं..."

"भुसा हलका, पेंड जड, हे तुमी डॉक्टरकडनं शिकला. गाईसाठी एका दिवसात शिकला. पीठबी हलकंच असतं मामा. आन् खरंच पाव किलो असतं, तरी दोन जिवांना ते पुरलं असतं का?" तिचा आवाज चढला नव्हता. ती एकेक शब्द वेगळा ठेवत होती. "पेंड हनुमंताभाऊंनी न्हाई नेली. ती हिनं खाल्ली. तुमच्या सुनेनं. उपाशी व्हती म्हणून."

दारात अक्षदा येऊन उभी होती, दोन्ही हात पोटावर. कुणी तिच्याकडे सरळ बघेना. चंद्री मात्र गव्हाणीत तोंड घालून सावकाश खात होती.

ठमाबाई भिंतीचा आधार घेत अंगणात पोचल्या होत्या. "शोभा केली! घरातलं आणून गड्यापुढं मांडलं!"

"घरात मिळत न्हवतं, आत्या, म्हणून ती गोठ्यात आली."

"मी वंगाळ चितलं का गं हिचं? मीबी त्याच चिपट्यावर दिवस काढले. सुंदरा माझ्या डोळ्यांदेखत..."

"सुंदरामावशी पंधरा वर्षांच्या व्हत्या." उज्ज्वलाने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "पोर मोठं न्हवतं, आत्या. आईच लहान व्हती. तुमच्या बहिणीला अर्धवट वयात उजवली, तिथं कुणी बोललं न्हाई. आन् तवापास्नं या घरातल्या पोटुश्या बाईची भाकर काढून घेतोय आपण. मीबी घेतली. ह्याच हातानं."

 ठमाबाई गोठ्याच्या उंबऱ्यावर खाली बसल्या.

कुंडलिकरावांनी घसा खाकरला. घर चालवणाऱ्या माणसाच्या आवाजात ते म्हणाले, "बरं, झालं ते झालं. उद्यापास्नं हिला दोन चिपटी घाल. शिगेची घाल, हवं तर. हनुमंता, तू कामाला लाग. मिटलं."

मिटलं. म्हणजे एका माणसाला चोर म्हटलं, ते मिटलं. पोटात मागे पडलेलं बाळ मिटलं. दीड किलोची ती मुलगी, जिचं नाव ठेवायच्या आत तिला पुरलं, तीही या एका शब्दात मिटली. आपल्या कितीतरी घरांत असंच मिटवतात. चूक उघडी पडली की मालक माप थोडं वाढवून देतो, आणि माप त्याच्याच हातात राहतं. मग घरातले मोठ्या मनाचा म्हणून त्याचंच कौतुक करतात.

हनुमंत हलला नाही. गोरखने उज्ज्वलाकडे पाहिलं. आता पुरे, एवढंच ती नजर सांगत होती. ही नजर ती नऊ वर्षं ओळखत होती. दर वेळी त्या नजरेपुढे तिने तोंड मिटलं होतं आणि आत निघून गेली होती.

"न्हाई मिटलं," ती म्हणाली.

"आता काय राह्यलं?"

"माझी पैली पोर अशक्त आली न्हवती, मामा. तिला आपण उपाशी ठेवली. हे मी आजवर बोलले न्हाई. तुमी कांदे म्हणला, लगीन म्हणला, आई थकली म्हणला, आन् मी गप बसले." शेवटचं वाक्य तिने नवऱ्याकडे बघून म्हटलं. मग ती दारापर्यंत गेली आणि तिने अक्षदाचा हात धरला. तो घट्ट धरून ती सगळ्यांकडे वळली.

"आजपासून माझी चूल वेगळी. मागच्या खोलीत. अक्षदा माझ्याकडं जेवंल, आन् माझ्या आधी जेवंल. आदेशला मी सांगते. " तिने गोरखकडे पाहिलं. "तुमाला यायचं असंल, तर तुमीबी या."